सनद मिळाल्यावर खायचं काय?

गेल्या महिन्यात तीन पोरं माझ्या खोलीवर आली. दोघं बारावी झालेले, एक पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वकील व्हायचंय म्हणाली. पाच वर्षांचं घेऊ का तीन वर्षांचं? कॉलेज कुठलं? मग ती पोरगी जरा थांबली आणि धीर करून म्हणाली, "दादा, यात पैसे किती मिळतात?"

खोलीत आमचा एक जुना कार्यकर्ता बसला होता. तो उखडला. "बाबासाहेबांनी काय पैशासाठी वकिली केली? समाजाचं बघा आधी!" पोरांनी माना खाली घातल्या.

मला राग आला तो त्या कार्यकर्त्याचा. त्याला दर महिन्याला पेन्शन मिळते. भरल्या पोटानं उपाशी माणसाला त्याग शिकवायचा धंदा बामणांनी दोन हजार वर्षं केला. तो आता आपण चालवायचा का?

पोरीचा प्रश्न बरोबर होता. या कोर्टाच्या धंद्यात तोच एक खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांचंच घ्या. 1922 साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. मुंबईला परत आले तेव्हा सनद काढायला खिशात पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं हात दिला, तेव्हा 1923 साली वकिली सुरू झाली. पुढे काय? हायकोर्टात ब्रीफ देणार सॉलिसिटर, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देईनात. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला हा माणूस 1925 ते 1928 बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होता. कशासाठी? घर चालवायला. पुढे 1935 मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो. मधल्या वर्षांचा हिशेब कुणी सांगत नाही. बाबासाहेबांनी हा हिशेब केला होता. आपणही करायचा, त्यात लाज कसली?

तर पोरांनो, हिशेब ऐका.

रस्ते दोन. बारावीनंतर पाच वर्षं, नाहीतर पदवीनंतर तीन वर्षं. कोर्टात दोन्हींची सनद एकच. न्यायाधीश विचारत नाही तू पाचवाला का तीनवाला. पाचवाल्याचं एक वर्ष वाचतं, हे खरं. पण बार कौन्सिलचा नियम आहे, पाच वर्षांच्या कोर्सातून मध्येच बाहेर पडता येत नाही. तिसऱ्या वर्षी बाप आजारी पडला, घर तुझ्यावर आलं, तर हातात काय? काही नाही. ना बी.ए., ना एलएल.बी. आधी बी.ए. किंवा बी.कॉम. करून मग तीन वर्षांचं घेतलं तर एक वर्ष जास्त जातं, पण पदवीचा कागद हातात राहतो. त्यावर एमपीएससीला बसता येतं, नोकरी धरता येते. ज्यांच्या घराला भिंत आहे त्यांनी पाच घ्यावं. ज्यांच्या घराला पत्रा आहे त्यांनी दहादा विचार करावा.

आता नॅशनल लॉ. पहिली शाळा बंगळुरूची, 1987 साली स्थापन झालेली. महाराष्ट्रात आता मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशा तीन आहेत. 2008 पासून क्लॅट नावाची परीक्षा आहे. इंग्रजीतून, आणि क्लासवाल्यांचं पोट भरणारी. आत गेलं की फी वर्षाला लाखांत. बड्या लॉ फर्मा पोरं उचलायला तिथंच येतात आणि पहिल्याच वर्षी लाखांत पगार देतात. हे खोटं नाही. पण सगळ्यांना उचलत नाहीत. कुणाचं इंग्रजी कसं, कुणी सुट्टीत कुठल्या फर्ममध्ये काम केलं, तिथं ओळख कुणाची, हे सगळं बघतात. आरक्षणानं दार उघडतं, पण आतल्या जेवणावळीत पंगत निराळीच असते. तरी सांगतो, सीट मिळत असेल आणि फीची सोय शिष्यवृत्तीतून होत असेल तर जा. सोडू नका. तिथून निघालेला आपला माणूस कंपनीचा करार वाचू शकतो, आणि त्या करारांनीच आपल्या झोपड्या उठतात. मात्र बारा-पंधरा लाखांचं कर्ज काढून जात असाल तर एवढं समजून जा, की पुढची कित्येक वर्षं तुमची वकिली बँकेची असेल. अॅट्रॉसिटीची केस तुमच्याकडे आली तर तुम्ही तिला 'नंतर बघू' म्हणाल.

राहिलं साधं कॉलेज. सीईटी द्या, सरकारी फेरीतून प्रवेश घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घुसलात की शिष्यवृत्तीवर पाणी सोडलंत. आणि कॉलेज निवडताना इमारत बघू नका, कोर्ट किती लांब आहे ते बघा. सकाळचे वर्ग संपवून किल्ला कोर्टात, भोईवाड्यात, कुर्ल्यात जाऊन बसता आलं पाहिजे. रिमांड कसा मागतात, जामीनदाराला काय विचारतात, साक्षीदार कसा फुटतो, हे कुठल्याच पुस्तकात नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1956 साली मुंबईत लॉ कॉलेज काढलं ते काय उगाच? कष्टकऱ्याच्या पोराच्या हातात सनद पडावी म्हणून.

इथपर्यंत सगळे सांगतात. खरी गोष्ट इथून पुढे.

सनद काढायला कायद्यानं किती लागतात? अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये, बाकीच्यांना 750. 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये तसं लिहिलंय. आणि राज्यांच्या बार कौन्सिली घेत होत्या हजारांनी. ओडिशात तर 42,100. म्हणजे कायद्याच्या दारातच बेकायदा वसुली, आणि वसूल करणारे वकील! 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. हा निकाल खिशात ठेवा. कुणी 125 च्या वर मागितलं तर दाखवा.

सनद मिळाली, बार परीक्षा पास झालात, काळा कोट घातला. आता खायचं काय?

माझं सांगतो. 2008 साली एका सीनियरकडे लागलो. पहिले आठ महिने एक पैसा नाही. कोर्टात तारीख घ्यायची, झेरॉक्स काढायच्या, फायली उचलायच्या. नवव्या महिन्यापासून तीन हजार. माझ्यासोबत आणखी एक ज्युनियर होता, त्यालाही तीनच हजार. पण त्याच्या वडिलांचं स्वतःचं चेंबर होतं. तो तीन हजारांचा चहा प्यायचा. माझ्या लोकलचा पास माझी बहीण काढायची. ती दहावीनंतर शिकली नाही. ब्लाऊज शिवायची, एका ब्लाऊजचे पंधरा-वीस रुपये. दोघांचा पगार सारखा, कोट सारखा, पदवी सारखी. फरक एवढाच की त्याला थांबता येत होतं आणि मला थांबवून धरायला एक पोरगी मशीनवर पाय मारत होती.

वकिलीची कमाई पदवीत नसते. ती थांबण्यात असते. आणि कुणाला किती वर्षं थांबता येतं हे जात ठरवते.

व्यवस्थेनं दरवाजांवर वर्षं लिहून ठेवलीत, वाचून बघा. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली. तिथं सुरुवातीचा मूळ पगारच 77,840 रुपये. म्हणजे आपल्यातल्या हुशार पोरासाठी सगळ्यात भरवशाची भाकर, आणि तिच्या आधी तीन वर्षांची उपासमार. अॅट्रॉसिटी कायद्याखाली विशेष सरकारी वकील व्हायचं, सात वर्षं. जिल्हा न्यायाधीशाची थेट भरती, सात वर्षं. हायकोर्टाचा न्यायाधीश, वकिलीतून जायचं तर दहा वर्षं. तीन, सात, दहा. अनुभव हवाच, मी नाही म्हणत नाही. पण त्या वर्षांत जेवायला कोण घालणार, हे कुठल्याच निकालात लिहिलेलं नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं, ज्युनियरला शहरात 20,000 आणि गावाकडे 15,000 द्यावेत. द्यावेत! सल्ला आहे, सक्ती नाही. सल्ल्यावर भाकरी भाजत नाही.

म्हणून आपली पोरं काय करतात? दोन वर्षं तग धरतात आणि मग नोकरी. बँकेत, कंपनीत विधी अधिकारी. वाईट नाही ते, घर उभं राहतं. पण पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियमानं सनद स्थगित ठेवावी लागते. तीन-सात-दहाचं मोजमाप तिथंच बंद. कुणी नोटरीच्या टेबलामागे, कुणी भाडेकरारात. त्यांना मी नावं ठेवत नाही. मीही तिथंच असतो, मशीन बंद पडलं असतं तर.

आणि ती रिकामी जागा कोण भरतं? 2006 ची खैरलांजी आठवा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. नागपूर खंडपीठानंही 2010 मध्ये धरला नाही. अख्ख्या महाराष्ट्राला दिसलेली जात न्यायालयाच्या कागदावर आली नाही. कागदावर जात आणायची तर तपासाच्या पहिल्या दिवसापासून फिर्यादीच्या शेजारी बसणारा माणूस लागतो. मोर्चा तिथं बसत नाही, वकील बसतो. तो वकील आपण तिसऱ्या वर्षीच बँकेत पाठवलेला असतो.

वर बघा. 2018 नंतर हायकोर्टांत नेमलेल्या 715 न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे 22 आणि जमातींचे 16. हे 2025 मध्ये सरकारनंच संसदेत सांगितलेले आकडे. अमरावतीत शिकलेले भूषण गवई मे 2025 मध्ये सरन्यायाधीश झाले, नोव्हेंबरात निवृत्त झाले. आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण त्यांच्या घरात वडिलांचं राजकारण होतं, थांबायला जागा होती, हेही पोरांना खरं सांगा. नाहीतर पोरं स्वतःलाच नालायक समजतात.

मग करायचं काय? सरकारकडे मागायचं ते मागूच. ज्युनियरच्या मानधनाची सक्ती मागू, मोफत कायदा मदतीच्या कामाची फी वेळेवर मागू. पण आपल्याला आपल्या खिशातलं विचारतो. एका ज्युनियरला महिना 15,000 दिले तर तीन वर्षांचे होतात 5,40,000. आमच्या वस्तीत गेल्या जयंतीला एका रात्रीच्या डीजेला दीड लाख गेले. चार जयंत्यांच्या डीजेत एक वकील तीन वर्षं उभा राहतो. नाचू नका असं मी म्हणत नाही. ढोल-ताशावर नाचा, आणि उरलेल्यातून एक सनद जगवा. वस्तीनं आपला ज्युनियर ठेवायचा. त्यानं आठवड्यातून एक दिवस वस्तीच्या केसेस बघायच्या. हिशेब भिंतीवर लावायचा. आणि आपल्यातले जे वकील आता स्थिरावलेत, ज्यांच्या चेंबरात बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे, त्यांना विचारायचं : साहेब, फोटोखाली बसणाऱ्या ज्युनियरला किती देता?

त्या दिवशी पोरांना मी एवढंच सांगितलं. एकाचं इंग्रजी बरं आहे, तो क्लॅट देणार. दुसऱ्याला म्हटलं, आधी बी.कॉम. कर. पोरीला म्हटलं, सीईटी दे, कोर्टाजवळचं कॉलेज घे, आणि दुसऱ्या वर्षापासून माझ्याकडे ये. तीन हजार देणार नाही, पंधरा देईन. कुठून देणार ते मलाही अजून पुरतं ठाऊक नाही. पण शब्द दिलाय आणि इथं छापून देतोय, म्हणजे पळता येणार नाही.

जाताना तिनं विचारलं, "दादा, तुमच्या ताईंना वकील व्हायचं होतं का?"

सोळा-सतरा वर्षांत हे मी ताईला कधी विचारलेलं नाही.

जय भीम.