यंत्राला न दिसलेली जखम आणि पुराव्याचे ओझे

८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधील अल असद हवाई तळावर क्षेपणास्त्रे डागली. एकाही अमेरिकनाला इजा झालेली नाही, असे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच दिवशी जाहीर केले. दोन आठवड्यांनी दावोस येथे त्यांना पुन्हा विचारले, तेव्हा काही जणांचे डोके दुखत असल्याचे ऐकले आहे, पण ते फार गंभीर नाही, असे उत्तर मिळाले. पुढे त्याच हल्ल्यात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांचा आकडा शंभराच्या वर गेला. सुरुवातीला २९ जणांना पर्पल हार्ट पदक मिळाले. वृत्तवाहिनीने प्रकरण धसास लावल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये आणखी ३९ जणांना ते मंजूर झाले.

सत्तेची ही जुनी रीत आहे. रक्त दिसले तर जखम, नाही तर भ्याडपणा! पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने पळून जाणे, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांत तोफांच्या माऱ्याने मन आणि मेंदू खचलेलेही होते. अशा ३०६ जणांना माफी देणारा कायदा व्हायला २००६ साल उजाडले. नव्वद वर्षांनी मिळालेला न्याय ज्याच्यासाठी होता, तो केव्हाच मातीत गेला होता.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. स्फोटाची दाबलहर कवटी न फोडताही मेंदूतील तंतूंना पीळ देते. साध्या सी.टी. स्कॅनमध्ये किंवा नेहमीच्या एम.आर.आय.मध्ये हे बहुधा दिसत नाही. म्हणून संशोधक डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग ही पद्धत वापरतात. पाण्याचे रेणू मेंदूच्या तंतूंमधून कसे सरकतात, यावरून तंतू शाबूत आहेत की विस्कटले आहेत, याचा अंदाज तिच्यातून येतो. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्फोटाने मेंदूला सौम्य इजा झालेल्या ६३ अमेरिकी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १८ जणांच्या मेंदूत दोन किंवा अधिक ठिकाणी बिघाड आढळला. २०२४ मध्ये ३० विशेष दल सैनिकांवरील अभ्यासात ज्यांनी जास्त स्फोट सोसले, त्यांच्या मेंदूच्या पुढील एका भागात जास्त बदल दिसले. हे स्फोट केवळ शत्रूचे नसतात. स्वतःच्या तोफेचे, खांद्यावरच्या रॉकेटचे, सरावातील सुरुंगाचे धक्केही साचत जातात.

परंतु येथे आम्हाला धोक्याचा इशारा द्यावासा वाटतो. ६३ पैकी उरलेल्या ४५ जणांचे काय? त्यांना काहीच झाले नव्हते काय? तसे मुळीच नाही. चित्र निर्दोष आले म्हणून इजा नाही असे म्हणता येत नाही, हे संशोधकांनीच स्पष्ट केले आहे. हे संशोधन गटागटांतील फरक दाखवते. एकट्या माणसाच्या बाबतीत शेवटचा निकाल ते देत नाही. पण सरकारी कचेरीला निकालच हवा असतो. आज ती म्हणते, स्कॅनमध्ये काही नाही. उद्या अधिक चांगले यंत्र आले की म्हणेल, त्या यंत्राचे चित्र आणा, मगच पेन्शनचे बोला. म्हणजे जे विज्ञान सैनिकाच्या बाजूचा साक्षीदार म्हणून आले, त्यालाच त्याच्याविरुद्ध उभे केले जाईल.

म्हणून खरा प्रश्न यंत्राचा नसून पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे, हा आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात त्याचे उत्तर दिले. अपस्माराच्या झटक्यांमुळे या सैनिकाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर घरी पाठवले आणि आजार सेवेमुळे झालेला नाही, असे सांगून अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारले. न्यायालयाने विचारले ते साधे होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी आला असे मानावे. आजाराचा सेवेशी संबंध नाही, हे सरकारने कारणांसह सिद्ध करावे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने या निवृत्तिवेतनाचे नवे नियम आणले, तेव्हा माजी सैनिकांनी आक्षेप घेतला तो उगीच नव्हे.

यात अग्निपथची भर पडली. २०२२ च्या या योजनेत चार वर्षांनी बहुतेकांना घरी जायचे आहे. निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्याचे मान्य झाले, तर टक्केवारीनुसार एकरकमी १५, २५ किंवा ४४ लाख रुपये. पण साचलेल्या धक्क्यांची विस्मृती, चिडचिड, निद्रानाश ही लक्षणे घरी परतल्यावर काही वर्षांनी वाढली, तर शेतमजुराचा, कामगाराचा हा मुलगा कोणता कागद घेऊन कोणाच्या दारात उभा राहणार?

कोणत्या सैनिकाने किती तोफा डागल्या, तो किती स्फोटांजवळ होता, याची माहिती सैन्याकडे असते, सैनिकाच्या बायकोकडे नसते. ज्याच्या ताब्यात नोंद, त्याच्यावर पुराव्याची जबाबदारी, हा न्यायाचा नियम आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये स्फोटदाबाच्या नोंदी ठेवण्याचे आणि भरतीच्या वेळीच बुद्धीची चाचणी घेण्याचे आदेश काढले. तशी नोंद आपल्या प्रत्येक जवानाची व्हावी आणि तिची प्रत त्याच्या हाती पडावी, ही मागणी आपण केली पाहिजे. सैन्यात मुले पाठवणाऱ्या घरांनी आजपासूनच प्रत्येक वैद्यकीय कागद जपून ठेवावा. हक्काची लढाई कागदावर लढली जाते आणि कागद नसलेला माणूस खरा असूनही हरतो.