मित्रराष्ट्रासाठी क्षेपणास्त्रे, पण कोणाच्या खर्चाने?

ब्रिटनच्या मजूर सरकारने जानेवारी २०२६ मध्ये, युक्रेनवरील रशियन आक्रमणाच्या चौथ्या वर्षी, एक योजना जाहीर केली. ‘नाइटफॉल’ नावाचे, जमिनीवरून सोडावयाचे क्षेपणास्त्र नव्याने तयार करून ते युक्रेनला पुरवावयाचे. पल्ला ५०० किलोमीटरहून अधिक, स्फोटकांचे वजन २०० किलो, किंमत नगाला फार तर ८ लाख पौंड आणि उत्पादन महिन्याला १० नगांचे, अशा अटी घालून कारखानदारांना पाचारण करण्यात आले. तीन गटांना प्रत्येकी ९० लाख पौंड द्यावयाचे व त्यांनी वर्षभरात चाचणीसाठी ३-३ क्षेपणास्त्रे हजर करावयाची, असा बेत होता. आपल्या चलनात एका नगाची किंमत नऊ-दहा कोटींच्या घरात जाते; आणि या बाजारात हा माल स्वस्त समजला जातो!

अशा वार्तेवर आपल्या कार्यकर्त्यांत दोन प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणतो, ही शस्त्रास्त्र-कारखानदारांची लूट आहे, तिचा निषेध करून मोकळे व्हावे. दुसरा म्हणतो, आक्रमिताला शस्त्रे देणाऱ्यास प्रश्न विचारणे हेच पाप. दोन्ही भूमिकांत विचार करण्याचे कष्ट वाचतात, एवढाच त्यांचा गुण.

युक्रेनच्या प्रतिकाराच्या हक्काविषयी आमच्या मनात शंका नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा या देशाच्या भूमीवर उरला होता. डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनान्वये रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याची हमी दिली आणि युक्रेनने ती अण्वस्त्रे सोडली. पुढे १९९९ मध्ये गॅसच्या थकबाकीपोटी त्याने ११ अवजड बॉम्बफेकी विमाने आणि ‘ख-५५’ जातीची पाचशेहून अधिक क्षेपणास्त्रे रशियाच्या हवाली केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, अण्वस्त्राचे टोपण काढून टाकलेली याच जातीची क्षेपणास्त्रे युक्रेनच्या शहरांवर येऊन पडू लागली. बिलाच्या फेडीत दिलेला माल असा परत आला. निःशस्त्रीकरणावर श्रद्धा असणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग फार अडचणीचा आहे, आणि ती अडचण लपविण्यात अर्थ नाही. ज्याने शस्त्र खाली ठेवले त्याच्यावरच वार झाला, तर उद्या शस्त्र खाली ठेवण्याचा उपदेश आपण कोणत्या तोंडाने करणार?

समाजवादी चळवळीची परंपराही येथे स्पष्ट आहे. १९५६ मध्ये हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हा नेहरू सरकारच्या गुळमुळीत भूमिकेवर जयप्रकाशजींनी कठोर टीका केली. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर अशोक मेहता केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मेहतांच्या काँग्रेसप्रवेशाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या दिवशी ते समाजवादी म्हणूनच वागले.

तथापि हक्क मान्य केल्याने मार्गाची चिकित्सा संपत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने दिलेले अग्निबाण सुमारे ८० किलोमीटर जाणारे होते आणि युक्रेनने आपल्या सीमेपलीकडे मारा करावा यासाठी आम्ही साहाय्य करीत नाही, असे अध्यक्ष बायडेन यांनी तेव्हा लिहिले होते. मे २०२३ मध्ये ब्रिटनने २५० किलोमीटरहून अधिक पल्ल्याचे ‘स्टॉर्म शॅडो’ दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच बायडेन यांनी ३०० किलोमीटरची अमेरिकन क्षेपणास्त्रे रशियाच्या भूमीवर डागण्यास मुभा दिली. २१ नोव्हेंबरला रशियाने ‘ओरेश्निक’ हे मध्यम पल्ल्याचे नवे अस्त्र निप्रो शहरावर सोडून प्रत्युत्तर दिले. सोव्हिएत काळात क्षेपणास्त्रे बनविणारा मोठा कारखाना याच शहरात आहे. आता पल्ला ५०० च्या पुढे जातो, म्हणजे युक्रेनच्या उत्तर भागातून मॉस्को टप्प्यात येऊ शकते.

हा ५०० चा आकडा जुन्या वाचकांना परिचित असेल. डिसेंबर १९८७ मध्ये रेगन व गोर्बाचेव्ह यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्याने ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरील क्षेपणास्त्रे दोन्ही महासत्तांना निषिद्ध ठरविली होती व २,६९२ क्षेपणास्त्रे त्याखाली प्रत्यक्ष नष्ट झाली. ग्रीनहॅम कॉमन येथे लष्करी तळाच्या कुंपणाबाहेर वर्षानुवर्षे तळ ठोकून बसलेल्या ब्रिटिश स्त्रियांनी ज्या अस्त्रांना विरोध केला, ती याच करारामुळे परत गेली. रशिया छुपेपणाने करार मोडतो असा आरोप करून ट्रम्प यांच्या अमेरिकेने ऑगस्ट २०१९ मध्ये अंग काढून घेतले. ब्रिटन त्या करारात पक्षकार नव्हता; परंतु जी पोकळी निर्माण झाली तिच्यातच हे नवे कारखाने उभे राहत आहेत.

आणि पैसा? २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान स्टार्मर यांनी संरक्षणखर्च २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. तो भरून काढण्यासाठी त्यांनी गरीब देशांना मिळणारे साहाय्य ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणले. धनिकांच्या संपत्तीला हात लागला नाही; कात्री लागली ती भुकेल्यांच्या वाट्याला. तीन दिवसांनी विकासमंत्री अॅनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला. संरक्षणखर्च वाढविण्यास त्यांचा विरोध नव्हता. सगळा भार साहाय्यनिधीवर टाकण्यास होता. या कपातीनंतर गाझा, सुदान आणि खुद्द युक्रेनमधील साहाय्यकार्यही टिकविता येणार नाही, असे त्यांनी बजावले.

मजूर पक्षाला हा पेच नवा नाही. १९५१ मध्ये कोरियन युद्धाच्या निमित्ताने अॅटली सरकारने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम आखला. खर्चाची तोंडमिळवणी करताना अर्थमंत्री गेट्स्केल यांनी मोफत आरोग्यसेवेतील चष्मे व कवळ्या यांवर आकार बसविला. ज्यांनी ती सेवा उभारली त्या अॅन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही त्यांच्याबरोबर गेले. कवळीच्या चार पैशांसाठी सरकार अडचणीत आणले म्हणून बेव्हनना दूषणे देण्यात आली. परंतु एवढे उत्पादन देशाला झेपणारच नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि पुढे सत्तेवर आलेल्या चर्चिल यांनाच तो कार्यक्रम लांबणीवर टाकावा लागला. कवळ्यांवरचा आकार मात्र राहिला.

तेव्हा आमची भूमिका अशी: युक्रेनला साहाय्य अवश्य मिळावे, परंतु त्याचा भार संपत्तीवरील करातून उचलला जावा, मारा कोठे करावयाचा याच्या अटी पार्लमेंटपुढे उघड मांडल्या जाव्यात, आणि युद्ध संपल्यावर या महिना १० नगांच्या कारखान्याचे काय होणार हे आजच ठरावे. नाहीतर त्या कारखान्याला पुढचे गिऱ्हाईक शोधावेच लागेल.

ब्रिटनला हे सांगताना आपले अंगण झाडलेले नाही, हेही ध्यानात ठेवू. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ राष्ट्रांनी आक्रमणाचा निषेध केला तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्यानंतर रशियन तेल आपल्या आयातीच्या एक तृतीयांशावर गेले. नोकरीच्या आमिषाने नेलेले आपले तरुण रशियन सैन्यात मारले गेले. १२ मृत्यूंची कबुली परराष्ट्र मंत्रालयानेच जानेवारी २०२५ मध्ये दिली. आणि रशियाच्या भागीदारीत बनविलेले ‘ब्राह्मोस’ एप्रिल २०२४ पासून आपणही परदेशी, फिलिपाइन्सला, पाठवू लागलो. फिलिपाइन्स युद्धात नव्हता. पुढचा ग्राहक युद्धात असला तर काय करावयाचे, याचा विचार दिल्लीत झाला असल्यास तो देशाला कोणी सांगितलेला नाही. असे करार होण्यापूर्वी त्यांच्या अटी संसदेच्या पटलावर ठेवल्या जाव्यात, ही मागणी आपल्या शाखांनी आपापल्या खासदारांकडे लेखी नोंदवावी.