चैनीचा आरोप आणि तलाठ्याचे दफ्तर

शेतमजुराने किंवा कोरडवाहू शेतकऱ्याने स्मार्टफोन विकत घेणे ही निव्वळ उधळपट्टी असून, बोलण्यापुरता बटणांचा फोन त्याला पुरेसा आहे आणि वाचलेला पैसा त्याने बियाण्यात अथवा मुलांच्या शिक्षणात घालावा, असे प्रतिपादन एका विद्वान गृहस्थांनी अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने केले आहे. आठ हजारांचा फोन, वर दर २८ दिवसांनी रिचार्ज, हप्त्यांवरचे व्याज, आणि या सर्वांच्या मोबदल्यात काय, तर करमणुकीच्या चित्रफिती, असा त्यांचा हिशेब आहे. खर्चाची बाजू इतकी काटेकोर लिहून जमेची बाजू त्यांनी साफ कोरी ठेवली, याचा मला मनस्वी संताप येतो.

आठ हजार ही रक्कम लहान आहे, असे माझे म्हणणे नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २०२५-२६ या वर्षासाठी ३१२ रुपये ठरली. म्हणजे त्या फोनपायी सुमारे २६ दिवसांची मजुरी खर्ची पडते. परंतु रिचार्जची अखंड रक्कम स्मार्टफोनच्या नावे टाकणे ही हिशेबातली लबाडी होय, कारण बटणांचा फोनही रिचार्जवाचून मुका राहतो. वर्षाकाठी १३ वेळा येणारा तो खर्च दोन्हीकडे आहे आणि मोजायचा तो केवळ त्यांतील फरक.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सातबाऱ्यातील गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, ही पिढ्यानपिढ्या तलाठ्याच्या दफ्तराची बाब होती. हंगामात पीकपाहणी करावी आणि कोणत्या गटात काय उभे आहे ते लिहावे, हे त्याचे काम. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि ती नोंद करण्याचा भार खातेदाराच्या शिरावर आला. त्याने स्वतःच्या बांधावर उभे राहावे, फोनमधील ॲपमध्ये गट क्रमांक निवडावा, पीक आणि क्षेत्र भरावे, उभ्या पिकाचे छायाचित्र काढावे, आणि हे सर्व ठरलेल्या मुदतीत करावे, अशी ही पद्धत. अतिवृष्टीची भरपाई असो, पीकविमा असो वा हमीभावाची खरेदी असो, त्या नोंदीची विचारणा झाल्याशिवाय राहत नाही. ज्या उपकरणात सरकारने आपले दफ्तर नेऊन ठेवले, ते उपकरण बाळगणाऱ्या रयतेला चैनखोर ठरविणे हा कोणत्या न्यायाचा प्रकार आहे? शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद करता येते, हे गृहस्थांचे उत्तर मला ठाऊक आहे आणि एका फोनवरून अनेक खातेदारांच्या नोंदी होतात, हेही खरे आहे. परंतु पेरणीनंतरच्या ऐन घाईत आपले काम टाकून दुसऱ्याच्या शेतात येण्याची गळ ज्याला दर हंगामात घालावी लागते, त्याच्या मिंधेपणाची किंमत कोणत्या रकान्यात लिहिली आहे? आणि तो शेजारी न आल्यामुळे मुदत टळली, तर बुडालेल्या भरपाईचा दावा कोणावर लावायचा?

असा वाद नवा नव्हे. गरिबाच्या घरी मनगटी घड्याळ आले, तेव्हा त्याला वेळ कशाला पाहायचा आहे, असे विचारणारे लोक होते. रेडिओ आला, तेव्हा गाण्यांनी शेती बुडेल असे भाकीत झाले, आणि त्याच रेडिओवरून हवामान व बाजारभाव ऐकून माणसे माल कधी काढायचा ते ठरवू लागली, याची दखल त्या भाकीतकारांनी घेतली नाही. संपन्न माणसाने घेतलेली वस्तू साधन ठरते आणि गरिबाने घेतली की तीच व्यसन ठरते, ही दुटप्पी तराजू मला पूर्वीही मान्य नव्हती.

मुलांच्या शिक्षणाचा उपदेश करणाऱ्यांनी २०२० साल आठवावे, जेव्हा शाळा बंद पडून वर्ग फोनवर भरू लागले आणि फोन नसलेली मुले त्या वर्गांबाहेर राहिली. करमणुकीचा आक्षेप मी विचारातही घेत नाही. दिवसभर खुरपणी केलेल्या बाईला घटकाभर हसण्याचा हक्क आहे.

माझे म्हणणे एवढेच की, फोन मोलाचा की नाही हे तो नसल्यामुळे तालुक्याला घालाव्या लागणाऱ्या खेपा, बुडणारी मजुरी आणि एसटीचे भाडे यांवरून ठरवावे. ज्याला तो लागतो त्याने साधा स्मार्टफोन घ्यावा, शक्यतो हप्त्याविना घ्यावा, आणि बॅटरी बदलून तो वर्षानुवर्षे चालवावा. शासनाने तो व्यवहारात आवश्यक केला आहे, तर एप्रिल २०२० मध्ये १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेलेला कर निदान स्वस्त फोनांपुरता उतरवावा. आणि ज्याला तो घेणे खरोखरच झेपत नाही, त्याची पीकनोंद तलाठ्याने पूर्वीप्रमाणे बांधावर येऊन करावी, त्यासाठी त्याला अर्जफाटे करायला लावू नयेत.