आत्याचा दात आणि भिंतीचा गिलावा

संक्रांतीनंतर अंबरपेठला आत्याकडे जाणे झाले. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांचे निम्मे गणगोत हैदराबादेत आहे. १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो. राज्ये वेगळी झाली म्हणून नाती थोडीच तुटतात? जेवायला बसलो तर आत्या भाकरी वरणात कुस्करून खात होती. खालच्या दोन दाढा गेलेल्या, कवळी सोसत नाही. डॉक्टरांनी इम्प्लांट सुचवले होते. त्यातही दोन प्रकार: एक नेहमीचे, दुसरे ‘नॅनो’ पृष्ठभागाचे, बरेच महाग.

“नॅनो म्हणजे टाटांची गाडी होती ना रे? ती माझ्या तोंडात कशाला?” आत्याने विचारले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पण घरात शिकलेला म्हणून प्रश्न माझ्याकडेच! परत आल्यावर पुस्तके चाळली, आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना पिडले. जे समजले ते वाचकांनाही उपयोगी पडेल.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टिटॅनियमचा छोटा स्क्रू. त्यावर दात चढवतात. टिटॅनियम हाच धातू का? १९५२ च्या सुमारास स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क सशाच्या हाडाचा अभ्यास करत होते. त्यासाठी बसवलेले टिटॅनियमचे उपकरण काढायला गेले, तर ते निघेना. हाड त्याला घट्ट चिकटले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. (टिटॅनियमचे मिश्रधातू बनवणारी ‘मिधानी’ आत्याच्याच शहरात, कांचनबागेत आहे. आत्याला मात्र हे ठाऊक नव्हते.)

सुरुवातीचे स्क्रू गुळगुळीत असत. हाड धरायला तीन ते सहा महिने लागत. आता आपला गवंडी आठवा. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, म्हणून तो आधी छिन्नीने टोचून ते खडबडीत करतो. स्क्रूचेही तेच केले. बारीक कणांचा मारा करून, मग आम्लात बुडवून त्यावर सूक्ष्म खळगे पाडले. हाड लवकर धरू लागले आणि योग्य रुग्णांत वाट पाहण्याचा काळ सहा ते आठ आठवड्यांवर आला.

नॅनो ही त्याच्या पुढची पायरी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. टिटॅनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर आपोआप येतोच. विजेच्या प्रक्रियेने त्या थरात अतिसूक्ष्म नळ्या उभ्या करता येतात. रक्तातली प्रथिने आधी तिथे चिकटतात आणि त्यांच्या आधाराने हाडाच्या पेशी कामाला लागतात.

मग महागडेच घ्यावे का? प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर नॅनोचे निकाल चांगले आहेत; माणसांत दीर्घकाळ तुलना करून पाहिलेले पुरावे त्या मानाने थोडे. उलट नेहमीचे खडबडीत इम्प्लांटही नीट निगा राखली तर दहा वर्षांनंतर शंभरात नव्वदहून अधिक टिकलेले आढळतात. शिवाय नॅनोचा फायदा मुख्यतः सुरुवातीच्या भरून येण्यात. पुढे हिरडी सुजून हाड झिजले आणि तो खडबडीत भाग उघडा पडला, तर जंतूंनाही तिथेच बिऱ्हाड मिळते आणि साफ करणे कठीण होते. अनियंत्रित मधुमेह, तंबाखू आणि अस्वच्छता हे इम्प्लांटचे खरे वैरी.

आत्याला मधुमेह आहे. मी फोन करून म्हटले, “आत्या, पृष्ठभागाचे नंतर बघू. आधी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी कर. डॉक्टरांना तीन गोष्टी विचार: माझे हाड पुरेसे आहे का, या प्रकारचा माणसांतला किती वर्षांचा अनुभव आहे, आणि पुढे सफाईला कितीदा यावे लागेल?”

आत्या क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे भिंतीत ओल असली तर गवंडी कितीही हुशार असून काय उपयोग, असंच ना?”

एवढी पुस्तके चाळून मला जे सांगायचे होते, ते आत्याने एका वाक्यात सांगितले. तपासणी पुढच्या सोमवारी आहे. भाकरी तोवर वरणातच.