उड्डाणाचे तास आणि अनुभवाची तूट

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, गोंदिया शहरापासून जवळच असलेल्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली गेली. प्रवासी विमानसेवा तेथे पोहोचली ती थेट २०२२ मध्ये. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून या परिसराला विमानांचा आवाज परिचित झाला आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि भातखाचरांवरून प्रशिक्षणार्थींची छोटी विमाने फिरू लागली. या विमानांतून मिळवायचे असतात ते उड्डाणाचे तास.

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी भारतात २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे असावी लागतात. एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा असावा लागतो. रात्रीच्या आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाचे तास वेगळे. या सर्वांचा खर्च चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरात जातो. अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे त्यासाठी कर्ज काढतात. म्हणजे नोंदवहीतील प्रत्येक तास हा पैसे मोजून घेतलेला तास असतो. पैसे मिळवून देणारा तास नेमका कोठून सुरू होतो, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला जुने उत्तर आहे. नवा परवानाधारक शिकवतो, जाहिरातीचे फलक ओढतो किंवा हवाई छायाचित्रणाची कामे करतो. हवाई छायाचित्रण म्हणजे केवळ खिडकीतून कॅमेरा रोखणे नव्हे. नकाशासाठी छायाचित्रे घ्यायची तर विमान ठरावीक उंचीवर, ठरावीक वेगाने, समांतर रेषांत न्यावे लागते. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत साधारण साठ टक्के भाग सामायिक यावा लागतो. वारा विमानाला बाजूला ढकलत असताना रेषा न सोडणे आणि ढगांचा अंदाज घेऊन परतण्याचा निर्णय स्वतः करणे, हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

भारतात ही पायरी नीट बांधलीच गेली नाही. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने उडत्या विमानातून छायाचित्र घेण्यासाठी महासंचालकांची लेखी परवानगी आवश्यक ठरवली. संरक्षण खात्याच्या हरकतींचा भाग निराळाच. सुरक्षेच्या दृष्टीने त्यामागे कारणे होती. परंतु परिणाम असा झाला, की हे काम सरकारी यंत्रणा आणि मोजक्या कंपन्यांपुरते सीमित राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये भू-स्थानिक माहितीविषयीचे धोरण सैल झाले, तोवर ड्रोन येऊन ठेपले होते. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावाच्या गावठाणाचे मोजमाप ड्रोनने झाले आणि पुढे २०२० च्या स्वामित्व योजनेत हीच पद्धत देशभर राबवली गेली. शेतकऱ्याच्या घराला मालमत्तापत्रक मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र दार उघडले तेव्हा आत दुसराच कोणी येऊन बसला होता, हे नव्या वैमानिकांच्या वाट्याचे वास्तव आहे.

त्यामुळे येथील वैमानिकापुढे दोनच टोके उरतात : प्रशिक्षण संस्था किंवा थेट प्रवासी जेट. मधला जिना जवळजवळ नाही. भरती जोरात असते तेव्हा ही उणीव जाणवत नाही. २०२३ मध्ये १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले आणि त्याच वर्षी एअर इंडियाने ४७०, तर इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात गो फर्स्ट जमिनीवर आली. त्यापूर्वी २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली होती आणि २०२० मध्ये साथीने सारेच थांबवले. अशा काळात नवा परवानाधारक घरी बसतो. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, हातची सफाई मात्र ओसरते. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली, तेव्हा उड्डाण संस्थांच्या तासांच्या नोंदीही तपासाव्या लागल्या होत्या. तास ही केवळ पुरी करायची संख्या झाली, की असे मोह निर्माण होतात.

संख्येवर विसंबण्याची मर्यादा अमेरिकेनेही पाहिली आहे. २००९ मधील बफेलो येथील अपघातानंतर तेथे सहवैमानिकासाठीही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट आली. वास्तविक त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे त्याहून अधिक तास होते. किती तास, याइतकेच कसले तास, हेही महत्त्वाचे ठरते.

अर्थात कमी उंचीवरचे काम निर्धोक नाही. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाच्या संस्थेचे विमान वैनगंगेवरून ओढलेल्या तारेला धडकून कोसळले; प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघेही मृत्युमुखी पडले. छायाचित्रणाच्या नावाखाली नवख्यांना मोकळे सोडणे हा उपाय होऊ शकत नाही. परंतु विस्तीर्ण भूभागाचे सर्वेक्षण आजही विमानातून होते. प्रस्तावित मुंबई-नागपूर अतिवेगवान रेल्वेमार्गासाठी २०२१ मध्ये तसे ते हाती घेण्यात आले होते. पूररेषा, जंगले, तलाव यांची नोंद ठेवण्याची गरज पूर्व विदर्भाइतकी क्वचितच कोठे असेल. अशा कामांत अनुभवी वैमानिकाच्या शेजारी नव्याला बसवण्याची रीतसर व्यवस्था झाली, तर शासनाला माहिती मिळेल आणि वैमानिकाला अनुभव. वैमानिक तयार करण्याची जबाबदारी केवळ त्याच्या पालकांच्या कर्जावर सोपवून चालणार नाही. त्या वैमानिकाच्या भरवशावर उद्या शेकडो प्रवासी निश्चिंतपणे डोळे मिटून बसणार आहेत.