प्रतिष्ठेचे गाणे भाड्याने नको

पेडणे-डिचोली तालुक्यांत जुनी चिरेबंदी देवळे उतरवून नवी उभारण्याचा उत्साह मोठा. शिखर किती उंच, फरशी कोणत्या दगडाची, देणगीदारांच्या पाटीवर कोणाचे नाव वर, यांवर महाजनांच्या सभा वर्षानुवर्षे रंगतात. पुनःप्रतिष्ठेच्या दिवशी काय गायचे, याचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात होतो. आणि तो विचार तरी कसला, ध्वनिक्षेपकवाल्याला दिलेली वर्दीच ती! इब्रामपुरात बसून हे लिहिताना आम्ही या प्रघाताचा स्पष्ट निषेध करतो.

दूरचा एक दाखला घेऊ. जर्मनीत टोर्गाव येथील राजवाड्यातले प्रार्थनामंदिर ५ ऑक्टोबर १५४४ रोजी खुद्द मार्टिन ल्यूथर यांनी अर्पण केले. देवाने आपल्या वचनातून बोलावे आणि लोकांनी प्रार्थनेने व स्तुतिगीताने उत्तर द्यावे, याखेरीज या वास्तूत काही घडू नये, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय होता. म्हणजे गाणे हे समारंभाचे तोरण नव्हे, तो अर्पणविधीचाच भाग. योहान वाल्टर यांनी त्या सोहळ्यासाठी सात स्वरपंक्तींची रचना मुद्दाम केली. पुढे २ नोव्हेंबर १७२३ रोजी लाइपझिगजवळच्या श्टोर्मथाल या खेड्यात नव्या चर्चचे आणि ऑर्गनचे अर्पण झाले. योहान सेबास्टियान बाख यांनी तो ऑर्गन स्वतः तपासला, आपल्या जुन्या दरबारी रचनेवर नवे भक्तिपर शब्द बसवले आणि गीतमाला सिद्ध केली. खेडे लहान म्हणून गाणे कसेबसे उरकावे, असे त्यांना वाटले नाही.

चर्चचे उदाहरण आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातच, राशोल येथे छापले गेले. तेही मराठी ओवीत. लोकांच्या कंठाला रुळलेला छंदच त्यांच्या मनात उतरतो, हे त्या परदेशी पाद्र्याला उमगले. आपण मात्र आपल्याच छंदाला देवळाच्या दारात तिष्ठत ठेवतो!

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, बांधकामाचाही आहे. लाकडी तक्तपोशी आणि नळ्यांचे छप्पर असलेल्या जुन्या सभामंडपात आवाज थोडा मुरतो, थोडा परततो. पखवाजाचा बोल सुटा ऐकू येतो. काँक्रीटचे छत आणि गुळगुळीत संगमरवर आवाज फारसा शोषतच नाहीत. बोलावर बोल चढतो, शब्द हरवतो. मग आणखी कर्णे लावले जातात आणि गोंगाट दुणावतो. नकाशा कागदावर असतानाच भजनी मंडळींचे मत घ्यायला हवे.

‘मुलांना वेळ नाही, बाहेरचे कलाकार अधिक चांगले गातात,’ हा नेहमीचा बचाव. ते चांगले गातात, हे मान्य. पण चतुर्थीला घरोघरी आरतीला घुमट-शामेळ वाजवणारी मुले कोणाची? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले; आता बकऱ्याचे कातडे चढवून घुमट वाजते. २०१९ साली शासनाने त्याला वारसा वाद्याचा मान दिला. मंचावर सत्कार आणि देवाच्या प्रतिष्ठेला सुटी, हा कुठला न्याय?

आमचे म्हणणे एवढेच: जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात संगीताचे कलम पहिल्या पानावर असावे. बुवांचे मानधन, पेटी-पखवाजाची डागडुजी, वर्षभराची साप्ताहिक तालीम, आणि त्या तालमीत मुलींनाही जागा. पहिली सेवा गावाची. पाहुणे कलावंत त्यानंतर, सन्मानाने. १७८८ साली पेडणे पोर्तुगिजांकडे गेले, तरी नव्या काबिजादींतील आपली देवळे टिकली. आणि ती जागती राहिली ती आपल्या घराण्यांनी चालवलेल्या भजन-आरतीने. ज्या गावात बांधकाम अजून पायाशी आहे, तेथील महाजनांनी पुढच्याच सभेत हे कलम मांडावे. कळस चढल्यावर तालमीला वेळ उरत नाही.