राजाश्रय आणि मेफिस्टो : नटवर्य गुस्टाफ ग्रुंडगेन्स

मराठी रंगभूमीच्या इतिहासात राजाश्रय हा शब्द गौरवाने उच्चारला जातो. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी आश्रय दिला, म्हणून १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले. परंतु आश्रयदाताच अत्याचारी असेल, तर त्याच्या छायेत बहरलेल्या कलेचा हिशेब कसा मांडावा? जर्मनीचे श्रेष्ठ नट गुस्टाफ ग्रुंडगेन्स यांचे चरित्र हा प्रश्न रसिकांपुढे उभा करते.

ग्रुंडगेन्स यांचा जन्म २२ डिसेंबर १८९९ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे झाला. हॅम्बुर्गमध्ये नाव मिळवून ते १९२८ साली माक्स राइनहार्ट यांच्या बर्लिनमधील नाट्यगृहात आले. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या बोलपटात त्यांनी गुन्हेगारांचा थंड डोक्याचा म्होरक्या रंगविला. तथापि त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते ग्योटेच्या ‘फाउस्ट’मधील मेफिस्टोशी, म्हणजे विद्वान फाउस्टच्या आत्म्याचा सौदा करणाऱ्या सैतानाशी. या नाटकाशी आपलाही एक धागा आहे. ‘शाकुंतला’च्या १७९१ मधील जर्मन भाषांतराने ग्योटे मोहून गेला होता, आणि ‘फाउस्ट’च्या आरंभीचा नाट्यगृहातील प्रवेश त्याला आपल्या सूत्रधाराच्या प्रस्तावनेवरून सुचला, असे अनेक अभ्यासक मानतात.

१९३२ साली बर्लिनच्या सरकारी रंगमंचावर ग्रुंडगेन्स यांचा मेफिस्टो गाजला. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. राइनहार्ट देशोधडीस लागले. ग्रुंडगेन्स यांची पूर्वपत्नी एरिका मान व तिचा बंधू क्लाउस यांनीही देश सोडला. ग्रुंडगेन्स मात्र राहिले. १९३४ साली गोरिंगच्या कृपेने ते त्याच नाट्यगृहाचे प्रमुख झाले, आणि पुढे प्रशियाचे राज्यसल्लागारही.

या आश्रयाचे मोल किती होते, हे दुसऱ्या एका नटाच्या अंतावरून कळते. योआखिम गॉटशाल्क यांनी आपल्या ज्यू पत्नीस सोडण्याचे नाकारले आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये पत्नी व लहान मुलासह जीवनयात्रा संपविली. ग्रुंडगेन्स यांच्या नाट्यगृहात मात्र ज्यू पत्नी असलेल्या काही नटांना अभय मिळाले. साम्यवादी गायक-नट एर्न्स्ट बुश यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला, तेव्हा ग्रुंडगेन्स यांनी त्यांच्यासाठी खटपट केली. युद्धानंतर ग्रुंडगेन्स सोव्हिएत कैदेत पडले असता त्यांच्या बाजूने साक्ष दिली ती याच बुश यांनी.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. क्लाउस मान यांनी १९३६ साली आम्स्टरडॅम येथे ‘मेफिस्टो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक सत्तेशी सौदा करून मोठा होणारा नट आहे; त्यात ग्रुंडगेन्स यांची छबी सर्वांनी ओळखली. त्यांच्या दत्तक पुत्राने पश्चिम जर्मनीत तिच्या प्रकाशनास न्यायालयात हरकत घेतली, आणि मृत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे रक्षण करणारी बंदी घटना-न्यायालयाने १९७१ साली उचलून धरली. तरीही १९८१ मध्ये कादंबरी निघाली. त्याच वर्षी इश्तवान साबो यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटास पुढे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

युद्धोत्तर काळात ग्रुंडगेन्स यांनी ड्युसेलडॉर्फ व १९५५ पासून हॅम्बुर्ग येथील नाट्यगृहांचे नेतृत्व केले. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी मनिला येथे जगप्रवासात त्यांचे निधन झाले.

बुश यांचे प्राण वाचविण्यास त्यांची सत्तेशी असलेली जवळीक उपयोगी पडली, हे खरे. त्यांच्या अभिनयाने त्याच सत्तेच्या दरबाराला शोभा आली, हेही खरे. यातील एक रक्कम दुसरीतून वजा करता येत नाही. दोन्ही मांडूनच त्यांचे चरित्र वाचले पाहिजे. येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांनी १९६० सालचा ‘फाउस्ट’ चित्रपट अवश्य पाहावा. त्या पांढऱ्या रंगविलेल्या चेहऱ्यावरील तीक्ष्ण डोळे कळण्यास भाषेचा फारसा अडसर येत नाही.